हेपण

इंग्रजी कोशात ‘हेक्सीइटी’ नावाचा एक शब्द आहे. बोलण्यात तो जवळजवळ येतच नाही. त्याचे मूळ लॅटिन ‘हेक्केइतास’, आणि त्यातला ‘हेक’ म्हणजे आपले ‘ही’. आईपण, माणूसपण, मीपण असे शब्द मराठी सहज घडवते. त्याच चालीने याला ‘हेपण’ म्हणावे. संस्कृत ‘इदंता’ जवळची वाटते खरी, पण ती अहंतेसमोर उभ्या असलेल्या साऱ्या दृश्याला लागू होते. हेपण या एकाच वस्तूचे असते, तिच्या हुबेहूब जोडीदाराचेही नसते. म्हणून ‘वैशिष्ट्य’ या अर्थाने हा शब्द वापरणे मला गंभीर चूक वाटते. वैशिष्ट्य दुसऱ्याकडेही असू शकते. सगळी वैशिष्ट्ये सांगून झाली तरी ‘मग ही वस्तू हीच कशामुळे?’ एवढे विचारायचे उरतेच, आणि हा शब्द तिथे जन्मला.

ते विचारणारा जॉन डन्स स्कोटस हा फ्रान्सिस्कन संन्यासी १३०८ साली कलोनला वारला. थॉमस अक्वायनसच्या मते एका जातीच्या दोन वस्तूंत भेद पडतो तो जडद्रव्यामुळे. स्कोटसला हे पटले नाही. ‘हे असणे’ ही त्याच्या लेखी जडाची मर्यादा नव्हती, वस्तूची अखेरची पूर्णता होती. धर्माच्या दृष्टीने खरा प्रश्न इथेच आहे: ईश्वराने निर्माण केले ते माणूस या जातीचे नमुने, की हा माणूस? स्कोटसचे म्हणणे मानले, तर एका जीवाची भरपाई दुसऱ्याने होत नाही, मग दोघे कितीही सारखे असोत.

यावर तत्त्वज्ञ लायब्निट्सचा आक्षेप आहे. सर्व बाबतीत सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत, असे तो म्हणे. हेरेनहाउझेनच्या बागेत एका गृहस्थाने दोन हुबेहूब पाने शोधशोध शोधली आणि ती सापडली नाहीत, ही हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. पण न सापडणे म्हणजे अशक्य असणे नव्हे. मॅक्स ब्लॅकने १९५२ साली असे विश्व कल्पिले, ज्यात फक्त दोन तंतोतंत सारखे लोखंडी गोळे आहेत. एकाविषयी जे म्हणावे ते दुसऱ्यालाही लागू. तरी गोळे दोनच. याहून धारदार आक्षेप आपल्या परंपरेत आहे. वैशेषिकांनी परमाणू, आत्मा अशा नित्य द्रव्यांना एकमेकांपासून वेगळे करणारा ‘विशेष’ हा स्वतंत्र पदार्थ मानला. नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणीने तो नाकारला: विशेष जर आपोआप वेगळे असतात, तर द्रव्येच आपोआप वेगळी का नसावीत? हा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि तरी त्याने हेपण खोडले जात नाही. द्रव्य स्वतःच वेगळे आहे म्हणणे म्हणजे ते गुणांमुळे वेगळे नाही, हे कबूल करणे. शिवाय स्कोटसनेही हेपण ही वस्तूला बाहेरून जोडलेली दुसरी वस्तू मानली नव्हती; नित्य द्रव्यांपुरते न ठेवता त्याने ते दगडालाही दिले, हे त्याचे मोठेपण.

साहित्यात ही कल्पना सर्वांत खोल रुजली ती जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्समध्ये. या जेझुइट कवीने १८७२ साली स्कोटस वाचला आणि तो हरखून गेला. वस्तूच्या आतल्या घडणीसाठी ‘इनस्केप’ हा शब्द त्याने आधीच घडवला होता; स्कोटसमध्ये त्याला त्याचा आधार दिसला. पुढच्या वर्षी, ८ एप्रिलला, तो राहत होता तिथल्या बागेच्या कोपऱ्यातले ॲशचे झाड तोडले गेले. तिथे दुसरा ॲश लावता आला असता. जात तीच, पाने तशीच, सावलीही कालांतराने तेवढीच. हॉपकिन्सच्या रोजनिशीत या भरपाईचा विचारच नाही. आधी फांद्या छाटल्याचा आवाज आला, त्याने बाहेर पाहिले, आणि ते लुळे केलेले झाड दिसताच त्याला वाटले, असे काही नष्ट होताना पुन्हा पाहण्यापेक्षा मरण आलेले बरे.