याबेशच्या लोकांचे काम

शास्त्रपाठ : १ शमुवेल ३१:८-१३, २ शमुवेल २१:१०-१४



गिलबोवा डोंगरावरची लढाई संपली होती. शौल राजा व त्याचे तीन पुत्र रणांगणावर पडले होते. पलिष्ट्यांनी त्यांची प्रेते बेथ-शानच्या तटावर टांगून त्यांची विटंबना केली. ही वार्ता याबेश-गिलादच्या लोकांच्या कानी गेली. तेव्हा तेथील शूर पुरुष उठले, रात्रभर चालले, तटावरून ती प्रेते काढून आपल्या गावी घेऊन आले. त्यांनी त्या अस्थी गावातल्या झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला.

लढाईच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. कोण जिंकला, कोण हरला, किती पडले, हे इतिहास सांगतो. परंतु लढाई संपल्यावर मेलेल्या शिपायाचे काय झाले, त्याला कोणी उचलले, कोणत्या गावाने त्याला जागा दिली, हे फार थोडे लोक विचारतात. पवित्र शास्त्र मात्र ते सांगते. विशेष असे की, रात्रभर चालत गेलेल्या त्या याबेशकरांपैकी एकाचेही नाव शास्त्रात दिलेले नाही. त्यांनी दुसऱ्याचे नाव राखले; स्वतःच्या नावाची काळजी केली नाही.

आपल्या मंडळ्यांपुढेही आज हेच काम आहे, म्हणून हा विषय घेतला आहे.

रामपायली हे आमचे गाव चंदन नदीच्या काठी, रामाच्या जुन्या देवळासाठी ओळखले जाणारे. हा सारा मुलूख १८५३ साली तिसरे रघुजी भोसले वारेपर्यंत नागपूरच्या राज्यात होता. या राज्यातली इंग्रजांची मोठी लष्करी छावणी म्हणजे कामठी. ती १८२१ साली वसली आणि पुढे कित्येक वर्षे तेथे मद्रासकडील फौजा राहिल्या. १८४५ साली नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या सेवेचा कामठीशीही निकट संबंध होता. अशा छावण्यांजवळ, त्यांच्या वाटांवर व मुक्कामाच्या जागी सैनिकांच्या कबरी आहेत. त्यांतले बहुतेक लढाईत पडलेले नाहीत. पटकी, हिवताप व अतिसार यांनी तलवारीपेक्षा जास्त शिपाई नेले. शेजारीच त्यांच्या बायकांच्या व तान्ह्या मुलांच्या कबरी असतात. दगड तडकले आहेत, अक्षरे झिजली आहेत, वर निवडुंग वाढला आहे. अनेक ठिकाणी या जागांची देखभाल आता स्थानिक ख्रिस्ती मंडळ्यांकडे आहे.

या माणसांचा शोध घ्यावा काय? आणि घ्यावा तर का? शास्त्रपाठाच्या आधारे तीन गोष्टींचा विचार करू.

(१) मेलेला मनुष्य परका राहत नाही

शौलाने एके काळी याबेशला नाहाश अम्मोन्याच्या हातून सोडवले होते (१ शमुवेल ११). ते उपकार गाव विसरले नव्हते. परंतु पुष्कळदा कबरीतल्या माणसाचे आपल्यावर काहीच उपकार नसतात. तरीही देवाने ज्याला आपल्या प्रतिरूपाचे केले, त्याचे शरीर मातीत गेले म्हणून तो माती ठरत नाही. आपण शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो. आपला प्रभू स्वतः परक्याच्या कबरीत ठेवला गेला, आणि अरिमथाईकर योसेफाने त्याला आपली जागा दिली. म्हणून दफनभूमी ही मंडळीच्या दृष्टीने केवळ पडीक जमीन नाही. ती आशेने राखून ठेवलेली जागा आहे.

पुण्याजवळ खडकीस युद्धात मेलेल्यांची एक दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम व मध्य हिंदुस्थानात जे सैनिक वारले आणि ज्यांच्या कबरींची कायमची निगा होईल अशी खात्री नव्हती, त्यांच्या कबरी एकत्र आणण्यासाठी ती केली गेली. तेथे त्या युद्धातील १,६६८ जण पुरलेले आहेत. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे, आणि त्यावर १,८०० हून अधिक नावे आहेत. त्यांतील काहींचे अवशेष १९६२ साली मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून खडकीस आणले गेले. बाकीचे भारतात व पाकिस्तानात ठिकठिकाणच्या दफनभूमींत आहेत, जेथे त्यांच्या कबरींची निगा राखणे शक्य राहिले नाही. आणखी १९३ नावे पूर्व व पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या सैनिकांची आहेत. तेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या देशात मेले आणि कोठे कोठे पुरले गेले.

बंधुभगिनींनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. नाव खडकीच्या दगडावर आहे, पण शरीर कोठल्या तरी लहान गावाच्या मातीत आहे. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यातील आईने आपला मुलगा पाठवला आणि तो आपल्या गावात झोपला आहे. त्याच्या आईला येथे येता आले नाही. येथे राहणारे आपण आहोत. याबेशचे काम मग कोणाचे?

(२) दावीदाने आपल्या वैऱ्याच्या अस्थी गोळा केल्या

येथे पुष्कळ जण विचारतात, आणि तो प्रश्न खरा आहे : “हे शिपाई आपल्यावर राज्य करणाऱ्यांचे होते. त्यांनी आपला मुलूख जिंकला. त्यांच्या कबरींची काळजी आपण का करावी? आधीच लोक आम्हांला परक्यांच्या धर्माचे म्हणतात!”

या प्रश्नाला दावीदाचे उदाहरण हे उत्तर आहे. शौलाने दावीदाचा रानोरान पाठलाग केला होता. त्याला ठार मारण्यासाठी भाला फेकला होता. पुढे दावीद राजा झाल्यावर रिस्पा नावाची एक आई आपल्या मुलांची प्रेते पाखरांनी व रानपशूंनी खाऊ नयेत म्हणून खडकावर तरट पसरून रात्रंदिवस बसली. दावीदाने हे ऐकले तेव्हा त्याचे अंतःकरण हलले. तो याबेशास गेला, शौलाच्या व योनाथानाच्या अस्थी आणल्या, रिस्पेच्या मुलांच्याही अस्थी गोळा केल्या आणि शौल व योनाथान यांना शौलाच्या बापाच्या कबरीत पुरले. दावीदाने शौलाचे अपराध खोटे ठरवले नाहीत. शौलाने गिबोन्यांचा केलेला घात त्याच अध्यायात उघडपणे लिहिलेला आहे. अस्थींचा मान राखणे आणि सत्य सांगणे ही दोन्ही कामे एकाच अध्यायात आहेत.

आपणही असेच करावे. एखाद्या सैनिकाचे चरित्र शोधणे म्हणजे त्याच्या राज्याचा गौरव करणे नव्हे. त्याने काय केले, कोणत्या मोहिमेत होता, कोणाच्या गावावर चालून गेला, हे जसे सापडेल तसे लिहावे. तो भूक लागली म्हणून भरती झालेला एखाद्या गरीब घरचा मुलगा असेल, तर तेही लिहावे. त्याला संत करू नये आणि सैतानही करू नये.

शोध घेतला नाही तर काय होते, याचा दाखला पुणे जिल्ह्यातील शिरूरचा आहे. १८०९ साली तेथे वारलेले कर्नल वॉलेस यांची कबर तेथे आहे. १८८५ च्या गॅझेटियरात नोंद आहे की, आसपासचे लोक त्यांना ‘सत्पुरुष’ म्हणत, कबरीची पूजा करीत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य आणीत. लोकांच्या भक्तिभावाला मी हसत नाही. एका परक्याच्या कबरीला त्यांनी फूल वाहिले, हे प्रेम आहे. पण ज्या मनुष्याला देवाच्या न्यायासनापुढे उभे राहून आपला हिशेब द्यायचा आहे, त्याला देवाच्या जागी बसवणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. मनुष्याला मनुष्य म्हणून आठवणे, हाच त्याचा खरा मान.

(३) मनुष्याच्या वहीत आकडा, देवाजवळ नाव

शोधाच्या कामात एक दुःखाची गोष्ट लवकरच दिसून येते. सर्वांची नावे सारखी राखलेली नाहीत.

पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन इराकमध्ये कुत येथे वेढली गेली. तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने फौजेला शरण जावे लागले, आणि कित्येक जण कैदेत मेले. इराकात मेलेल्या व ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशांसाठी बसरा येथे मोठे स्मारक झाले. त्यावर इंग्रजांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली. पण साध्या हिंदी शिपायांचा फक्त पलटणवार आकडा लिहिला गेला. आपल्या कोकणातला, देशावरचा शेतकऱ्याचा मुलगा तेथे एक संख्या झाला.

या कबरी व स्मारके सांभाळणारी संस्था, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, १९१७ साली स्थापन झाली. सेनापती असो की शिपाई, सर्वांना सारखा मान, असा तिचा नियम होता. पण एप्रिल २०२१ मध्ये याच संस्थेच्या अहवालाने कबूल केले की, पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांना, ज्यांत हिंदी व आफ्रिकी पुष्कळ होते, असमान रीतीने स्मरले गेले. शिवाय निदान १,१६,००० जणांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत. संस्थेने त्याबद्दल क्षमा मागितली.

नाव राहिले तर काय होते, हे भीमा-कोरेगावच्या स्तंभावरून दिसते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीकडून पडलेल्यांची ४९ नावे तेथे कोरलेली आहेत, आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. त्या दोन अक्षरांवरून महार समाजाला आपले पूर्वज ओळखता आले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांची नावे दगडाने राखली होती.

प्रभू आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. बहात्तर शिष्य विजयाचा आनंद करीत परतले तेव्हा प्रभूने त्यांना सांगितले की, खरा आनंद आपली नावे स्वर्गात लिहिली आहेत याचा मानावा (लूक १०:२०). देवाजवळ कोणी आकडा नाही. म्हणून जो देवाचा आहे, त्याने मनुष्याच्या वहीतील आकड्यामागचे नाव शोधावे.

आपण काय करावे?

संडे स्कूलच्या शिक्षकांनो, हे काम मोठ्या मुलांना घेऊन करता येण्यासारखे आहे. प्रथम दफनभूमीच्या व्यवस्थापकांची परवानगी घ्या. सापांच्या दिवसांत गवतात जाऊ नका. दगड तारेच्या ब्रशाने वा तेजाबाने घासू नका. अक्षरांत खडू किंवा कोळसा भरू नका. मऊ कुंचला व साधे पाणी पुरे. सकाळी वा सायंकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा झिजलेली अक्षरे वाचता येतात. ओळ जशी आहे तशी उतरवा. जे अक्षर दिसत नाही तेथे जागा मोकळी सोडा. अंदाजाने भरू नका, कारण एका चुकीच्या अक्षराने एका मनुष्याच्या जागी दुसराच उभा राहतो. पलटण, हुद्दा, क्रमांक व तारीख नीट लिहा. ‘प्रायव्हेट’ म्हणजे साधा शिपाई, ‘गनर’ म्हणजे तोफखान्यातला.

नंतर मंडळीची दफनाची नोंदवही उघडा. जुन्या काळी बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांतील पाद्री दफनाच्या नोंदींच्या नकला विलायतेस पाठवीत. त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कामठीच्या जुन्या नोंदी मद्रासच्या भागात शोधाव्या लागतात, हे ध्यानात ठेवा. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला असेल, तर वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव पाहावे. जुन्या कबरींचे लेख जमवणारी एक संस्था, ब्रिटिश असोसिएशन फॉर सेमेटरीज इन साउथ एशिया, १९७६ पासून काम करीत आहे.

आणि एक विनंती मंडळीच्या पंचांना. आपली नोंदवही वाळवीच्या तोंडी देऊ नका. तिची नक्कल करून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. तीत गोऱ्या शिपायांबरोबर आपले लोकही आहेत : छावणीतले स्वयंपाकी, मोतद्दार, दाया, आपले पहिले विश्वासणारे. त्यांच्या कबरीवर दगड बसवण्यास कोणाजवळ पैसे नव्हते. त्या वहीतील एक ओळ हाच त्यांचा दगड आहे. ती ओळ गेली तर या पृथ्वीवर त्यांचे नाव घेणारे काही उरणार नाही.

याबेशचे लोक रात्रभर चालले. आपल्याला इतके चालायचे नाही. आपल्याच गावाच्या कडेला जायचे आहे. एक दगड वाचा, एक नाव उतरवा, ते नाव घेऊन उपासनेत प्रार्थना करा. ज्या दिवशी कर्णा वाजेल व कबरी उघडतील, त्या दिवशी तो परका शिपाई आणि आपण एकाच हाकेने उठणार आहोत.

हे प्रभू, तू मेलेल्यांचा नव्हे तर जिवंतांचा देव आहेस. आमच्या मातीत झोपलेल्या परक्यांना व परक्या मातीत झोपलेल्या आमच्यांना तू नावाने ओळखतोस. त्यांच्याविषयी सत्य बोलण्याचे धैर्य आणि प्रेम करण्याचे मन आम्हांला दे. आमेन.