एका अपघाताचे तीन हिशेब



काही महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी जुमाची नमाज आटोपल्यावर एक गृहस्थ मशिदीत मागे थांबले. लोक पांगेपर्यंत ते खांबाजवळ बसून राहिले. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मौलाना, दुआ करा." त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाने चुलत्याची मोटारसायकल घेतली होती आणि भाजी विकून घरी परतणाऱ्या एका वृद्ध बाईला धडक दिली होती. बाईंचा खुबा मोडला होता. मुलाकडे परवाना असण्याचा प्रश्नच नव्हता. "पोलिसांत चुलत्याचे नाव सांगायचे ठरले आहे. त्याच्याकडे परवाना आहे, गाडीही त्याचीच. पोराचे आयुष्य वाचेल. फक्त सगळे नीट पार पडावे एवढी दुआ करा."

मी त्या वेळी काय केले, हे लिहिताना मला लाज वाटते. मी हात उचलले, "अल्लाह खैर करे" म्हटले आणि ते निघून गेले. खोटी साक्ष नीट पार पडावी, अशी दुआ माझ्याकडून मागितली गेली होती आणि मी मौन बाळगून तिला मूक संमती दिली होती. त्या दिवशी जे उत्तर मी द्यावयास हवे होते, ते आज आपणा सर्वांसमोर मांडत आहे.

अपघात झाला की आपल्या घरांत पहिले वाक्य उच्चारले जाते ते असे: "नशिबात होते." तकदीरवर इमान हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे, यात शंका नाही. परंतु तकदीर हे संकटात सापडलेल्याचे सांत्वन आहे. संकट आणणाऱ्याचा तो बचाव होऊ शकत नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले, हे तिर्मिजीतील कथन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देणे म्हणजे उंटाचा दोर स्वतःच्या हाताने सोडणे होय.

3 जून 2024 रोजी आपल्याच शहरात, सायबर चौकात, एका भरधाव मोटारीने दुचाकींना उडवले आणि मोटारचालकासह काही माणसे प्राणांस मुकली. त्या क्षणाचे चित्रण घराघरांत पाहिले गेले. आपण हळहळलो, इन्ना लिल्लाहि म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी तेच चौक त्याच वेगाने ओलांडू लागलो. भारत सरकारच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसे मरण पावली. एका जिवाचा अन्यायाने घेतलेला बळी हा साऱ्या मानवजातीच्या हत्येसारखा आहे, असे सूरह अल-माइदाने सांगितले आहे. तेथे विषय जाणूनबुजून केलेल्या हत्येचा आहे, हे खरे. पण जिवाचे मोल किती, हे त्यातून कळते.

अशा अपघातानंतर माणसाला तीन ठिकाणी हिशेब द्यावा लागतो: समाजाला, जखमीला आणि अल्लाहला. यांपैकी एक चुकता केला म्हणून दुसरा मिटत नाही. आपल्या कुटुंबांत होणारा सारा घोटाळा हे न समजल्यामुळे होतो.

पहिला हिशेब समाजाचा. न्यायालयातील फौजदारी खटल्याच्या कागदावर "महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक" असे लिहिलेले असते. जखमी झाली एक बाई आणि फिर्यादी मात्र राज्य, असे का? कारण रस्ता सर्वांचा आहे. त्यावर केलेला बेदरकारपणा हा त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाविरुद्ध केलेला गुन्हा आहे. आपल्या दीनला ही कल्पना अनोळखी नाही. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या सहाबांना प्रेषितांनी (स.) रस्त्याचा हक्क अदा करण्यास बजावले होते आणि कोणालाही इजा न करणे हे त्या हक्कांमध्ये मोजले होते. वाटेतील इजा देणारी वस्तू बाजूला करणे ही तर इमानाची एक शाखा ठरविली. हज्जमध्ये अरफातहून परतताना लोक जनावरांना मारून हाकू लागले, तेव्हा धावपळ करण्यात पुण्य नाही, शांतपणे चाला, अशी त्यांनी ताकीद दिली, हे बुखारीत आले आहे. हज्जच्या वाटेवर घाईला सवाब नसेल, तर फजरच्या जमातीसाठी सिग्नल तोडण्याला तो कोठून असणार? गळिताच्या हंगामात ऊस भरलेली ट्रॉली मागे रिफ्लेक्टर नसताना रात्री रस्त्यावर उभी करणारा माणूस तर वाटेतील काटा उचलण्याऐवजी अख्खे काटेरी झाड वाटेत ठेवतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकारपणे वाहन चालविणे हा तिच्या कलम 281 खाली गुन्हा आहे. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाल्यास कलम 106 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; जुन्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती. मृताच्या कुटुंबाने क्षमा केली तरी हा खटला आपोआप संपत नाही. "त्यांनी माफ केले, मग सरकार कोण?" असा प्रश्न मला विचारला जातो. इस्लामी न्यायशास्त्रातही वारसांची क्षमा आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी शासनकर्त्याने दिलेली ताजीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला गाडी माहीत नव्हती, किंवा आपण रोखण्याचा पुरेपूर प्रयत्न केला होता, हे सिद्ध करण्याचा भार मोठ्यांवरच असतो. प्रत्येक जण आपल्या कळपाचा राखणदार आहे आणि त्याला त्याबद्दल विचारले जाईल, या हदीसचा अर्थ इतक्या स्पष्टपणे मला क्वचितच दिसला आहे.

म्हणूनच चुलत्याचे नाव पुढे केले जाते. यामागे मुलाचे प्रेम असते आणि विम्याचा हिशेबही असतो, कारण चालकाकडे परवाना नसेल तर विमा कंपनी जखमीला दिलेली रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. परंतु सूरह अन-निसाच्या 135 व्या आयतीत अल्लाहने इमानधारकांना न्यायावर ठाम राहून साक्ष देण्याची आज्ञा केली आहे, मग ती साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध का असेना. खोटी साक्ष ही प्रेषितांनी (स.) महापातकांमध्ये गणली आहे. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आणि घरच्या चालकावर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचा आरोप झाला, तेव्हा आपण सर्वांनी संताप व्यक्त केला. तो संताप योग्यच होता. मग तेच कृत्य आपल्या गल्लीत मोटारसायकलीपुरते झाले की त्याला "पोराचे आयुष्य वाचवणे" कसे म्हणता येईल? प्रतिष्ठिताने चोरी केली तर सोडून द्यायचे आणि दुर्बलाने केली तर शिक्षा करायची, या वागण्याने आधीचे समाज नष्ट झाले, असे सांगून प्रेषितांनी (स.) आपल्या कन्येलाही त्यातून सूट नसल्याचे जाहीर केले होते.

चौकात पावतीऐवजी शंभराची नोट पुढे करणे हीदेखील याच दुकानातील खरेदी आहे. लाच देणारा आणि घेणारा दोघेही शापित आहेत. ई-चलन चुकीचे वाटत असेल तर त्यास रीतसर आव्हान देता येते. बरोबर असेल तर ते भरणे हे देणे फेडणे आहे.

दुसरा हिशेब जखमीचा. हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा भाग आहे आणि तो बंदा स्वतः माफ करीत नाही तोवर माफ होत नाही. धडक दिल्यावर पळून जाणे हा या हक्काचा पहिला भंग. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळविणे हे कलम 134 प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. आणि पाहणाऱ्यांनो, "पोलिसांच्या लफड्यात कशाला?" म्हणून आपण बाजूने निघून जातो. सद्भावनेने मदत करणाऱ्यास कलम 134-अ ने संरक्षण दिले आहे. शिवाय 2025 च्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीवर नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता होऊ शकतात. एक जीव वाचविणारा जणू साऱ्या मानवजातीला वाचवितो, ही आयत आपण इतरांना अभिमानाने सांगतो. तिच्यावर अमल करण्याची जागा शिरोलीच्या फाट्यावर आणि कावळा नाक्यावर आहे.

नुकसानभरपाईसाठी जखमी किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतात. अपघात जेथे झाला तेथे, किंवा अर्जदार जेथे राहतो तेथे तो करता येतो. कोणाची चूक हे सिद्ध न करताही कलम 164 खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. वाहन अज्ञात असेल तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपयांची तरतूद आहे. निकाल मान्य नसेल तर उच्च न्यायालयात अपील होते आणि त्यासाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरकरांना मुंबई गाठावी लागत नाही. सर्किट बेंच येथेच सुरू झाले आहे. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. म्हणून रुग्णालयाच्या दारात टक्केवारी ठरविणाऱ्या दलालाच्या कागदावर सही करू नका.

येथे आपल्या भगिनींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. 2022 पासून लागू असलेल्या तरतुदीप्रमाणे हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा असतो. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. इद्दत संपेपर्यंत घरातील कोणी हा विषयच काढत नाही आणि मग हाती दोन महिनेही उरत नाहीत. वकीलपत्रावर सही घरी बसूनही करता येते आणि गरजेपोटी दिवसा बाहेर पडण्याची मुभा फुकहांनी इद्दतमधील विधवेला दिली आहे. दिरांनी आणि सासऱ्यांनी हे काम स्वतःहून अंगावर घ्यावे.

आणि भरपाई मिळाल्यावर त्या पैशाला हात लावू नये. न्यायाधिकरण पत्नी, मुले आणि आईवडील यांचे वाटे ठरवून देते, अज्ञान मुलांचा वाटा बहुधा मुदत ठेवीत ठेवण्यास सांगते. मृताच्या पत्नीला "घरचेच पैसे आहेत" असे सांगून तो दुकानात घालणारे आपल्यात आहेत. अनाथांचा माल अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, हे सूरह अन-निसाच्या दहाव्या आयतीत आले आहे.

जखमीचा हक्क जसा बुडवू नये, तसा तो खोटा वाढवूही नये. घरात पडून मोडलेला हात अपघातात दाखविणे, नसलेले वाहन उभे करणे, अपंगत्वाचा खोटा दाखला घेणे, हे "कंपनीचेच पैसे आहेत" म्हणून हलाल होत नाही. आपण माणूसच आहोत आणि एखाद्याच्या चतुर मांडणीमुळे आपल्याकडून त्याच्या भावाचा हक्क त्याला दिला गेला, तर त्याने तो घेऊ नये, कारण तो आगीचा तुकडा आहे, असे खुद्द प्रेषितांनी (स.) सांगितले. न्यायाधीशाचा निकाल बँकेत रक्कम आणतो. हराम असलेल्या रकमेला हलाल करीत नाही.

तिसरा हिशेब अल्लाहचा. चुकून झालेल्या हत्येबद्दल सूरह अन-निसाच्या 92 व्या आयतीत वारसांना दियत आणि त्यासोबत कफ्फारा सांगितला आहे. गुलाम मुक्त करणे शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. ज्या चालकाच्या चुकीमुळे जीव गेला असेल, त्याने विम्याचा धनादेश गेला म्हणजे सुटलो असे समजू नये. आपले प्रकरण मुफ्तींसमोर जसेच्या तसे ठेवून कफ्फाऱ्याविषयी विचारावे. आणि जीव गेला नसला तरी तौबा आहेच. तिच्यात पश्चात्ताप आहे आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चयही आहे. मी स्वतः वर्षानुवर्षे टोपीवर हेल्मेट बसत नाही म्हणून फजरला उघड्या डोक्याने गाडीवर जात असे. आता टोपी खिशात आणि हेल्मेट डोक्यावर असते. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, ही अल्लाहची आज्ञा पाळण्याइतका वेळ वजूनंतरही मिळतो.

त्या गृहस्थांकडे मी तिसऱ्या दिवशी इशानंतर गेलो. जबाब अद्याप व्हायचा होता. मी आधी माझ्या मौनाची माफी मागितली, मग वरील सर्व सांगितले. ते चिडले. "तुम्हाला मुले लहान आहेत, मौलाना," एवढेच बोलले आणि कित्येक आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. पण नाव खरे सांगितले गेले. प्रकरण अजून चालू आहे, खर्च होतो आहे आणि त्यांच्या घरात चिंता आहे, हे मी लपविणार नाही. मुलाने मात्र रुग्णालयात जाऊन त्या आजींसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केले की गाडी मी चालवत होतो. तीन हिशेबांपैकी निदान एकाची सुरुवात तेथून झाली.

हे अल्लाह, आमच्या मुलांना सुरक्षित ठेव आणि आमच्या मुलांपासून इतरांनाही सुरक्षित ठेव. ज्यांचे आप्त रस्त्यावर गेले त्यांना सब्र दे, जखमींना शिफा दे. आमची जीभ स्वतःविरुद्धसुद्धा खरे बोलेल, एवढे बळ आम्हाला दे. आमीन.