पंधरा आणि पन्नासच्या मधल्या गाड्या

नरोलीच्या एका बाजूला दमणगंगेपलीकडे सिल्वासा, दुसऱ्या बाजूला भिलाड म्हणजे गुजरात, आणि भिलाडहून महामार्गाने दक्षिणेकडे वळले की तलासरी, म्हणजे महाराष्ट्र. तासाभराच्या आत तीन कारभार ओलांडून होतात. इथल्या जुन्या मोटारींवर अजून ‘डीएन ०९’ दिसते. ज्या स्वतंत्र केंद्रशासित प्रदेशाची ती अक्षरे, तो २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवला जोडला गेला. पाटी कालबाह्य, गाडी चालू. तिन्ही हद्दींत कर वेगळे असतील, प्रश्न मात्र एकच: गाडी किती सालची? ती कशी ठेवली आहे, यासाठी कोणत्याच अर्जात रकाना नाही.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. दुसऱ्या टोकाला जुलै २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. अट अशी की रोजच्या वापरात तिला रस्त्यावर आणायचे नाही. पंधराव्या वर्षी म्हातारी, पन्नासाव्या वर्षी देवी. मधली ३५ वर्षे तिने कशी काढायची, हे तिच्या मालकाने आणि त्याच्या मिस्त्रीने बघून घ्यावे.

कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर पडते, तेव्हा लोक तिच्याकडे भक्तिभावानेच बघतात. त्याबद्दल तक्रार नाही. तशी गाडी तशीच राहिली पाहिजे. मला ज्या गाड्यांविषयी बोलायचे आहे, त्यांच्या मागे राजघराणे नाही. फियाट पॅलिओ जीटीएक्स घ्या. २००१ साली आली, १६०० सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन, सुमारे १०० अश्वशक्ती, तेही त्या आकाराच्या गाडीत. सचिन तेंडुलकरच्या नावाने ‘एस टेन’ अशी ५०० गाड्यांची खास आवृत्तीसुद्धा काढून झाली. पण आपल्याकडे मोटारीची परीक्षा ‘किती देते?’ या एका प्रश्नात होते, आणि जीटीएक्स देण्यापेक्षा पिण्यासाठीच प्रसिद्ध. सेकंडहँड बाजारात तिला कोणी विचारेना. किंमत पडली, आणि त्यामुळेच ती बेताच्या पगाराच्या पण वेगाची आवड असलेल्या माणसाच्या आवाक्यात आली. आपल्याकडचा हा शौक श्रीमंतांचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे: श्रीमंत माणूस नवी गाडी घेतो. जुनी वेगवान गाडी तो घेतो, ज्याला नवी परवडत नाही आणि साधी आवडत नाही. औरंगाबादच्या शेंद्र्याला जुळवलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, पहिली व्हीटेक होंडा सिटी, यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

पॅलिओ कुर्ल्याला बनत असे, प्रीमियरच्या ज्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडत तिथेच. आज तिचा दरवाजा, काच, गिअरबॉक्स शोधायला माणूस पुन्हा कुर्ल्यालाच जातो, सीएसटी रोडच्या भंगार बाजारात. वापीहून सकाळची गाडी पकडून गेलेला माणूस संध्याकाळी पिशवीत एक हेडलाइट आणि दोन कडी घेऊन परततो, आणि बायकोला किंमत सांगताना हेडलाइटचे नाव काढत नाही.

आता प्रत्यक्ष गाडीखाली जाऊ. पुढच्या चाकाचा लोअर आर्म चासीला जिथे जोडलेला असतो, तिथे रबराचा बुश असतो. वीस वर्षांत ते रबर कडक होते, तडकते. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, खड्ड्यात खडखडते. कंपनीचा बुश मिळणे बंद झालेले असते. दुकानात मिळतो तो नकली, पहिल्या पावसाळ्यातच बोलायला लागतो. मग मिस्त्री जुना बुश प्रेसवर ठोकून काढतो, आर्मचे भोक व्हर्नियरने मोजतो आणि टर्नरकडे जातो. सिल्वासा-नरोलीच्या पट्ट्यात करसवलतींच्या काळात आलेल्या प्लॅस्टिक आणि धाग्याच्या कारखान्यांमुळे लेथवाले आणि पॉलियुरेथेनचे रॉड दोन्ही हाताशी आहेत. टर्नर त्या रॉडमधून नवा बुश काढतो, मधे लोखंडी नळी बसवतो. गाडी आता सरळ थांबते. फक्त स्टिअरिंगमध्ये रस्ता जरा जास्त कळतो, कारण हे रबर नाही.

ही दुरुस्ती झाली की फेरफार? आपल्या साऱ्या वादाचे मूळ इथे आहे. कंपनीने दिलेला भाग गेला, त्या जागी वेगळ्या पदार्थाचा, किंचित वेगळ्या गुणाचा आला. सांभाळणे आणि बदलणे यांच्यामध्ये लोक रेघ मारतात तशी रेघ गाडीखाली कुठेच सापडत नाही. वीस वर्षांची गाडी जशीच्या तशी ठेवायची तर तिला थोडे बदलावेच लागते.

याहून बोलके उदाहरण दुचाकीचे आहे. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाच्या परवान्याने राजदूत ३५० आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, हाय टॉर्क रूपात साडेतीस अश्वशक्ती. त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर तिच्या जवळपास जाईल असे काही नव्हते. मूळच्या जपानी यामाहा आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता; इथल्या गाडीला ड्रम दिला गेला. म्हणजे वेग जपानी ठेवला आणि थांबण्याची सोय कमी केली. आज जो माणूस तिला पुढे डिस्क बसवतो, तो मुळाशी बेइमानी करतो की मुळाकडे परततो? संग्राहक म्हणेल, ड्रम हवा, तोच इथला खरा. कागदही तेच म्हणेल. दोघेही ती गाडी उतारावर थांबवून बघत नाहीत.

कागदाचे म्हणणे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. या कडकपणामागचे कारण मला मान्य आहे. ज्याने सायलेन्सर कापून रात्री दोनला गल्लीत फटाके काढले, त्याच्यासाठी माझ्याकडे एक शब्द नाही. पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोलर फिरवतात, तेव्हा मी मनातल्या मनात टाळ्या वाजवतो. ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीत १६०० सीसीचे बलेनोचे इंजिन बसवून ताकद दुप्पट करणारा आणि ब्रेक तेच ठेवणारा माणूस हौशी नव्हे, बेजबाबदार आहे. टू-स्ट्रोकबद्दलही आपल्या मंडळींनी खोटे बोलू नये. त्या इंजिनात काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते. यामाहाची आरएक्स १०० ही १९९६ मध्ये बंद झाली ती प्रदूषणाच्या नियमांपुढेच. ‘रविवारीच काढतो’ हा बचाव आहे, उत्तर नव्हे.

पण हाच कायदा पेट्रोलच्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी बसवू देतो. मान्यताप्राप्त किट, बसवणारा अधिकृत, नंतर तपासणी, आरसी बुकात नोंद. दिव्यांग चालकासाठी गाडी बदलायचीही वाट कायद्याने ठेवली आहे. दाबाखालचा गॅस भरलेली टाकी मागच्या सीटपाठी चालते, तर पुढच्या चाकाला चांगला ब्रेक का चालू नये? बदल घातक असतो म्हणून बंदी आहे, असे म्हणावे तर हे दोन अपवाद बसत नाहीत. खरे कारण असे की प्रत्येक बदल तपासायला माणसे आणि यंत्रे लागतात, आणि साल बघायला काहीच लागत नाही.

जर्मनीत हा खर्च करतात. तिथे बदल केलेला भाग तपासनीस बघतो आणि गाडीच्या कागदात लिहितो. १९९७ पासून ३० वर्षांच्या जुन्या, नीट राखलेल्या गाड्यांना ‘एच’ अक्षराची पाटी मिळते, आणि त्या गाडीच्या उमेदीच्या काळात जे बदल लोक खरोखर करत होते, तेही तिथे चालतात. म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्या एका दिवसाइतकाच तिच्या नंतरच्या आयुष्यालाही मान आहे. आपल्याकडे मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती, म्हणून २० वर्षे भरताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, काळी-पिवळी पद्मिनी संपली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. तिचा ब्रेक लागत होता का, धूर किती होता, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

बाजारही काही शहाणा नाही. आरएक्स आणि राजदूत ३५० यांच्या किमती चढल्या तसे ‘ओरिजिनल’ या शब्दाचे वेड वाढले. ओरिजिनल रंग, ओरिजिनल स्टिकर, किल्लीसुद्धा ओरिजिनल. ज्याने क्रँकचे सील वेळेवर बदलले त्याला त्याचे दोन पैसे जास्त मिळत नाहीत, कारण सील दिसत नाही. ते झिजले की हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन चालत्या गाडीत जाम होतो. स्टिकरवर पैसे मोजून सीलकडे न बघणारा गिऱ्हाईक, सालाकडे बघून ब्रेककडे न बघणारा अधिकारी, हे एकाच शाळेतले.

या दोघांच्या मधे मिस्त्री उभा आहे. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवून इंजिनाचा आवाज ऐकत थांबणारा माणूस आता पन्नाशी-साठीचा झाला. त्याच्या हाताखालचा पोरगा स्कॅनर लावतो, आणि त्याचे बरोबरच आहे, कारण उद्याच्या गाड्या स्कॅनरनेच बोलणार. जुन्या गाड्या रस्त्यावर राहिल्या तरच जुना हात कामाला राहील. काचेआड ठेवलेल्या गाडीला मिस्त्री लागत नाही, फडके लागते.

मागणी म्हणून सांगायचे तर एवढीच: पासिंगला वयाऐवजी ब्रेक, सस्पेन्शन, धूर आणि आवाज यंत्रावर मोजा, आणि पास झालेला बदल सीएनजी किटसारखा आरसी बुकात लिहा. फी दहा हजार घेता, तर त्या पैशांत एवढे होते. या तपासणीत आपल्याच मंडळींच्या बऱ्याच लाडक्या गाड्या नापास होतील, टू-स्ट्रोक तर धुरावर पहिल्या फेरीतच बाद होतील. त्या भंगारात जाव्यात. पॅलिओवाल्यांना सुटे भाग तरी मिळतील.