कोरडे पाय

नेवासे तालुक्यात मुळा उजव्या कालव्याच्या एका चारीवर पाणी वापर संस्थेची सभा होती. टेलच्या, म्हणजे चारीच्या अगदी शेवटच्या शेतकऱ्याला आधी पाणी द्यायचं, हे गळी उतरवायचं काम नव्या, शिकलेल्या अध्यक्षाकडे होतं. त्याने धरणाची २६ टीएमसी क्षमता सांगितली, २००५ च्या सिंचन कायद्याची कलमं वाचली, क्यूसेकचा हिशेब मांडला. टाळ्या पडल्या. आवर्तन सुटलं, तेव्हा वरच्यांनी नेहमीप्रमाणे आधी आपलीच रानं भरली.

तो चिडून चुलत्याकडे गेला. "नाना, एवढं तयारीनं बोललो, पण लोकांच्या डोक्यात काही शिरत नाही."

"सभेत चहा देणाऱ्या पोराला विचार, काय ऐकलंस म्हणून."

पोरगा म्हणाला, "दादा लई भारी बोलले. पाण्यावर."

नाना वारकरी. ते त्याला नेवाशाच्या पैस खांबापाशी घेऊन गेले. "शके १२१२ मध्ये माउलींनी इथं गीता सांगितली. संस्कृतातले ७०० श्लोक, मराठीत नऊ हजारांवर ओव्या. माणसानं 'मी'पणा सोडावा, हे सांगणं सोपं का आहे? त्यांनी दाखवलं काय, तर माळी नेईल तिकडं मुकाट जाणारं पाणी. दारं धरणाऱ्याला ते लगेच कळलं. तू तर पाण्यावरच बोललास, पण ओल कुठं होती?"

पुढच्या सभेत त्याने कागद आणलाच नाही. "रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन दारं धरायला कोण कोण गेलंय?"

सगळे हात वर झाले.

"घरी येता तेव्हा पाय कसे असतात?"

"चिखलानं भरलेले," कुणीतरी हसून म्हणालं.

"टेलचा माणूसही रात्रभर बांधावर बसतो. पहाटे परततो तेव्हा त्याचे पाय कोरडे असतात. बायको पायांकडं बघते आणि काही विचारत नाही."

एवढं बोलून तो खाली बसला. त्यानंतर तासभर वाद झाला, पण या वेळी वाद टेलच्या पाळीवरच झाला, आणि पुढचं आवर्तन खालून सुरू झालं. आता पाणी सुटलं की चहावाला पोरगाही विचारतो, "टेलचे पाय भिजले का?"

तात्पर्य : वक्त्याला किती माहीत आहे, हे श्रोता विसरतो. त्याच्याच जगण्यातली एक गोष्ट त्याला नव्याने दाखवली, तर ती तो घरी घेऊन जातो.