प्रारंभ आणि आधार

गेल्या वर्षी भोकरदन तालुक्यातील केदारखेडा येथे एका कुटुंबात सायंप्रार्थनेसाठी आम्ही गेलो होतो. प्रार्थना आटोपली आणि वीज गेली. अंगणात बाजेवर येऊन बसलो, तेव्हा माथ्यावर सारे नभोमंडल उजळले होते. त्या घरचा मुलगा महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकतो, पहिल्याच वर्षाला आहे. त्याने विचारले, "फादर, महास्फोटाच्या शोधाने उत्पत्तीचे पुस्तक खरे ठरले, असे तुम्ही रविवारी म्हणालात. मग नारळीकर सरांचे म्हणणे बरोबर निघाले असते, तर देव नाही असे ठरले असते का?"

आम्ही निरुत्तर झालो.

२०२५ साली निवर्तलेले डॉ. जयंत नारळीकर यांना महास्फोट कधीच पटला नाही. केंब्रिजमधील त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्याप्रमाणे त्यांनीही विश्वाला असा एकमेव आरंभ मानला नाही. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्वव्यापी सूक्ष्मलहरींच्या शोधानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. नारळीकर मात्र आपल्या शंकांशी प्रामाणिक राहिले.

गंमत अशी, की महास्फोटाच्या कल्पनेचा जनक एक कॅथॉलिक धर्मगुरूच होता. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९३१ साली पुंजसिद्धान्ताचा आधार घेऊन सुचविले, की आरंभी विश्वाची सारी ऊर्जा एकाच पुंजात सामावलेली असावी. त्या अवस्थेत 'आधी' आणि 'नंतर' या शब्दांनाही अर्थ उरत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे बोलताना विज्ञानाच्या या वाटचालीत सृष्टिनिर्मितीची साक्ष पाहिली. आमचे प्रवचन त्याच वाटेने गेले. पोपमहाशयांचा व्यासंग तेवढा आमच्यापाशी नव्हता. लमेत्र यांची भूमिका निराळी होती. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, तो आस्तिकाला आणि जडवाद्याला सारखेच मोकळे ठेवतो, असे ते मानीत.

खरे तर हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. जगाला आरंभ होता हे केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही, असे संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले. ते एक जुना दृष्टान्त देतात: पाऊल अनादि काळापासून धुळीत टेकलेले असले, तरी ठसा पावलामुळेच असतो. जग केव्हा सुरू झाले हा एक प्रश्न. ते मुळात कशाच्या आधारावर आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुर्बिणीने शोधावे. दुसऱ्याला दुर्बीण पोहोचत नाही.

हे ठाऊक असूनही आम्ही तसे का बोललो? प्रवचनानंतर दारात कौतुक करणारे भेटतात, आणि तो मोह मोठा असतो. अर्धवट कळलेले विज्ञान श्रद्धेच्या हाती काठी म्हणून देणे हेही असत्यच. शिवाय ती काठी मोडली, तर पडतो तो समोरचा विश्वासू माणूस.

पुढच्या रविवारी आम्ही ते विधान वेदीवरूनच मागे घेतले. मुलगा हसला. त्याची आजी मात्र दारात थांबून म्हणाली, "फादर, आधीचं प्रवचन बरं व्हतं."