दीर्घ मुलाखत आणि बिटांची वाटणी

माहितीपटासाठी घेतलेल्या दीर्घ मुलाखतीत डोळ्यांना दिसेल असे फार थोडे घडते. एक माणूस खुर्चीत बसून तीन-चार तास बोलत असतो, पाठीमागची भिंत जागची हलत नाही, तिपाईवरचा कॅमेराही स्थिर असतो. आणि तरीही त्या चित्रातील सर्वांत बारीक बदल, उत्तर देण्यापूर्वी खाली गेलेली नजर किंवा एखादे नाव उच्चारताना अडखळलेले ओठ, हाच पुष्कळदा त्या मुलाखतीचा खरा ऐवज ठरतो. व्हिडिओ कॉम्प्रेशन म्हणजे चित्राची माहिती कमी जागेत बसवण्याचे तंत्र. त्याचे सेटिंग निवडताना चित्रातील काय राखायचे आणि काय सोडून द्यायचे हे ठरत असते, आणि हा निर्णय मुलाखत सुरू होण्याआधी, समोरचा माणूस काय सांगणार आहे हे कोणालाच ठाऊक नसताना घ्यावा लागतो.

कॉम्प्रेशन टाळता येत नाही, हे साध्या गुणाकाराने कळते. १९२० बाय १०८० बिंदूंचे चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक नमुन्याला १० बिट आणि ४:२:२ या प्रमाणात रंगाची माहिती, असा हिशेब धरला तर काहीही न दाबता साठवलेल्या एका तासाला सुमारे ४६६ गिगाबाइट लागतात. चित्र ४के केले की हाच आकडा चौपट होतो. (४:२:२ म्हणजे उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवून रंगाचे नमुने आडव्या दिशेने निम्मे करणे. ४:२:० या पद्धतीत ते एक-चतुर्थांश उरतात. डोळा रंगापेक्षा प्रकाशातील फरक अधिक बारकाईने टिपतो, या गोष्टीचा फायदा दोन्ही पद्धती घेतात.) संकलनासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रकारात १०८०च्या एका तासाला सुमारे ८३ गिगाबाइट, तर ४के चित्राला सुमारे ३३२ गिगाबाइट लागतात. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने एच.२६४ पद्धतीने केलेले चित्रीकरण मात्र तासाला साडेबावीस गिगाबाइटांत मावते.

हा मोठा फरक दाबण्याच्या दोन वेगळ्या रीतींमुळे पडतो. प्रोरेससारखी पद्धत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबते, तिच्या आधी काय होते आणि नंतर काय येणार याच्याशी तिला कर्तव्य नसते. २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४ आणि २०१३ मधील त्याचे पुढचे रूप एच.२६५ हे बहुधा फ्रेमचे गट करून चालतात: गटातील पहिली फ्रेम पूर्ण साठवायची आणि पुढच्या फ्रेममध्ये तिच्यापेक्षा काय बदलले तेवढेच नोंदवायचे, अशी ही ‘लाँग-जीओपी’ नावाची रीत आहे. व्यावसायिक वर्तुळात या रीतीविषयी जो अविश्वास आढळतो तो धावत्या कॅमेऱ्याच्या, पाण्याच्या, गर्दीच्या आणि हिरव्या पडद्यावरील चित्रीकरणाच्या अनुभवातून आलेला आहे, आणि तेथे तो रास्तही आहे. परंतु स्थिर बसलेल्या माणसाच्या बाबतीत तो जसाच्या तसा लागू करणे चूक ठरते, कारण भिंतीची माहिती सेकंदाला पंचवीस वेळा नव्याने लिहिण्यात काहीच हशील नसते आणि तेथे वाचलेले बिट चेहऱ्याच्या वाट्याला येऊ शकतात.

येऊ शकतात, पण येतीलच असे नाही. बदल कोणता महत्त्वाचा आणि कोणता बिनमहत्त्वाचा हे एन्कोडरला, म्हणजे कॅमेऱ्यातील दाबण्याचे काम करणाऱ्या यंत्रणेला, कळत नाही. जे हलते ते तिच्या लेखी खर्चाचे कारण असते. गावातल्या घराच्या ओसरीवर मुलाखत घेतली आणि मागे वाऱ्याने लिंबाचे झाड सळसळत असले, तर मर्यादित बिटांचा मोठा भाग प्रत्येक पानाच्या हालचालीवर खर्ची पडतो आणि बोलणाऱ्या वृद्धेच्या गालावरचा सुरकुत्यांचा पोत गुळगुळीत, मेणासारखा होतो. अंधुक खोलीत हेच काम नॉइज करते: उजेड अपुरा असल्यामुळे कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली की चित्रात दाणेदार खळबळ माजते, ती प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी असते, आणि एन्कोडर तिला खरा तपशील समजून जपू पाहतो. म्हणून खिडकीजवळ सरकवलेली खुर्ची, एक मऊ दिवा आणि चेहऱ्यामागे निश्चल पार्श्वभूमी यांचा कॉम्प्रेशनच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम कित्येकदा मेन्यूतील दर दुप्पट करण्याहून मोठा असतो. छायालेखकाच्या कौशल्याचा हा भाग तांत्रिक पुस्तिकांत सहसा दुसऱ्याच प्रकरणात जातो, हे दुर्दैव आहे.

हाती असलेले बिट चित्राच्या आकारावर खर्च करावेत की छटांवर, हाही प्रश्न उरतोच. आठ बिटांत प्रत्येक घटकाला २५६ पायऱ्या मिळतात, दहा बिटांत १०२४. साध्या रंगवलेल्या भिंतीवर उजेड हळूहळू मावळत जातो तेथे आठ बिटांचे चित्र पट्टे दाखवू लागते, आणि रंगदुरुस्तीत ते पट्टे अधिकच उघडे पडतात. उजेडाची मोठी व्याप्ती सपाट, फिकट चित्रात सामावून घेणारे ‘लॉग’ हे सेटिंग आठ बिटांत वापरणे तर जवळजवळ हमखास पश्चात्तापाचे असते, कारण मुळातच थोड्या असलेल्या पायऱ्या नंतर ताणाव्या लागतात. सावळ्या त्वचेवरील छटांचे बारीक चढउतार टिकवायचे असतील तर दहा बिट आणि ४:२:२ यांना ४केपेक्षा आधीचा मान मिळायला हवा. ४के चित्रातून पुढे जवळचा शॉट कापून घेता येतो, ही सोय खरी आहे आणि एकाच कॅमेऱ्याने घेतलेल्या मुलाखतीत ती मोलाची ठरते. पण ती छटांच्या बदल्यात विकत घेण्याजोगी नाही.

तथापि दीर्घ मुलाखतीचा सर्वांत मोठा गुण तिची अखंडता हा आहे, आणि सेटिंगची खरी कसोटी तेथे लागते. क्लोद लान्झमान यांचा नाझींनी केलेल्या ज्यू संहारावरील ‘शोआ’ (१९८५) हा साडेनऊ तासांहून थोडा कमी लांबीचा चित्रपट १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला. ४०० फुटी रीळ सेकंदाला २४ फ्रेम या गतीने सुमारे अकरा मिनिटांत संपते. डिजिटल कॅमेऱ्यांनी हे बंधन उठवले असे मानले जाते, परंतु जुन्या एफएटी३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ गिगाबाइटांपलीकडे जात नाही, आणि ५० मेगाबिट दराने ही मर्यादाही सुमारे अकरा मिनिटांतच गाठली जाते. बहुतेक कॅमेरे तेथे आपोआप पुढची फाइल उघडतात आणि तुकडे नंतर जोडता येतात. मात्र अनेक फोटो-कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर चित्रीकरणच थांबवत असत, आणि भारी सेटिंगवर कॅमेरा तापून बंद पडण्याचा धोका आजही असतो. कार्ड बदलण्यासाठी ज्या क्षणी बोलणाऱ्याला थांबवले जाते, तो क्षण कोणत्या वाक्याच्या मधोमध येईल हे सांगता येत नाही, आणि तुटलेली आठवण त्याच सुरात पुन्हा सांगितली जात नाही. तेव्हा एका कार्डावर किमान दीड-दोन तास निर्धास्त चालेल असा दर हा दीर्घ मुलाखतीसाठी उत्तम दर्जाच्या व्याख्येचाच भाग आहे.

अखंडतेचा दुसरा अर्थ संपूर्ण चित्रीकरण जपण्याचा आहे. लान्झमान यांनी १९७५ मध्ये रोम येथे, नाझींच्या ताब्यातील एका ज्यू वस्तीचे प्रमुख राहिलेल्या बेंजामिन मुर्मेलश्टाइन यांची प्रदीर्घ मुलाखत चित्रित केली. ‘शोआ’मध्ये ती आली नाही, आणि २०१३ मध्ये, जवळपास चार दशकांनंतर, तिच्यावर आधारलेला ‘द लास्ट ऑफ द अनजस्ट’ हा स्वतंत्र चित्रपट झाला. न वापरलेले तास त्या वेळी फुकट ठरवले गेले असते तर तो चित्रपट शक्यच नव्हता. चार तासांची मुलाखत ४के प्रोरेस एचक्यूमध्ये घेतली तर तिच्या तीन प्रतींना सुमारे चार टेराबाइट जागा लागते, आणि लहान संस्थेत, स्वतंत्र दिग्दर्शकाच्या घरी किंवा विद्यापीठाच्या एखाद्या विभागात अशा पन्नास मुलाखती जमल्या की ‘निवडक’ भाग ठेवून उरलेले पुसण्याचा मोह अटळ होतो. तीच मुलाखत लाँग-जीओपी पद्धतीने, दहा बिटांत, सेकंदाला १०० मेगाबिट दराने घेतली तर तीन प्रती सुमारे ५४० गिगाबाइटांत बसतात. चित्राच्या तीक्ष्णतेत होणारे अल्पसे नुकसान या बदल्यात सोसावे, कारण पुसलेल्या तासाची गुणवत्ता शून्य असते.

ध्वनीच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही तडजोड करण्याचे कारण नाही. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, दोन वाहिन्या असा न दाबलेला पीसीएम ध्वनी तासाला जेमतेम एक गिगाबाइट घेतो. मुलाखतीचा अर्थ ज्यात सर्वाधिक साठलेला असतो तोच घटक सर्वांत स्वस्त पडतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यांत एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या आणि त्यांतील हजारो ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. लिहून घेतलेल्या ओळीत बाईचा श्वास, ठेका आणि बोलीतला हेल उतरत नाही, हे त्या मुद्रणांमुळे उमगते. मुलाखतीतही उच्चार, खाकरणे, दीर्घ शांतता आणि खोलीचा आवाज हे सारे पुराव्याइतकेच महत्त्वाचे असतात, आणि दाबलेला ध्वनी पुढे पुन्हा दाबला गेला की आधी हेच बारकावे विरतात.

चित्रालाही हा नियम लागू आहे. प्रत्येक नव्या दाबण्यात आधीच्या चुका पक्क्या होतात आणि नव्या मिसळतात, म्हणून संकलनाच्या सोयीसाठी हलक्या फाइली तयार कराव्यात, प्रसारणासाठी आणखी वेगळ्या कराव्यात, पण कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल तिच्या नावासह आणि चेकसमसह, म्हणजे फाइल बदलली नाही याची खात्री देणाऱ्या आकडी ठशासह, तशीच ठेवावी. अमेरिकेतील शोआ फाउंडेशनने १९९४ पासून बीटाकॅम एसपीच्या सुमारे अर्ध्या तासाच्या कॅसेटांवर ज्यू संहाराविषयीच्या पन्नास हजारांहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि चुंबकीय फीत झिजू लागण्याच्या भीतीने पुढे त्या सर्व मोशन जेपेग २००० या, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबणाऱ्या प्रकारात उतरवल्या. दोन लाखांहून अधिक कॅसेटांचे ते स्थलांतर मोठ्या निधीशिवाय झाले नसते; मुंबईच्या ‘स्पॅरो’सारख्या, १९८८ पासून स्त्रियांचा मौखिक इतिहास नोंदवणाऱ्या संग्रहालयाच्या आकाराच्या संस्थांना असे काम हप्त्याहप्त्याने आणि हाताशी असलेल्या पैशांत करावे लागते. त्यामुळे आज मुलाखत घेणाऱ्याने एखाद्याच कंपनीच्या कॅमेऱ्यापुरता मर्यादित प्रकार निवडण्याऐवजी ज्याची तपशीलवार प्रमाणित व्याख्या प्रसिद्ध आहे आणि जो अनेक मुक्त प्रणालींना वाचता येतो असा प्रकार निवडला, तर वीस वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याचे काम बरेच हलके होते.