हिशेब माझा, नावं दुसऱ्यांची

जून २०२३मध्ये मला आयकर खात्याची नोटीस आली. कलम १४३(२). आकारणी वर्ष २०२२-२३चं माझं विवरणपत्र छाननीसाठी निवडलं गेलं होतं. कारण गूढ नव्हतं. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतले सात लाख माझ्या खात्यात टाकले होते. त्यात माझी बचत घालून मी म्युच्युअल फंड घेतले. वर्षभरात दहा लाख किंवा त्याहून जास्त रक्कम फंडात गेली की ते आयकर खात्याला आपोआप कळवलं जातं. पगाराच्या मानाने आकडा मोठा होता, म्हणून विचारणा. वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशांवर मुलाला कर लागत नाही, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतं.

आमचे सीए काका म्हणाले, "वर्षभराचं बँक स्टेटमेंट टाकून दे. तुला काय लपवायचंय? मग झालं तर." मी ४१ पानांची पीडीएफ पोर्टलवर चढवली आणि झोपलो.

ती ४१ पानं मी नीट वाचली ती पुढची नोटीस आल्यावर. 'एकाच व्यक्तीकडून दरमहा १५,००० रुपये, असे १२ वेळा जमा झालेले दिसतात. या रकमेचं स्वरूप व स्रोत स्पष्ट करावा,' असा मजकूर होता. प्रश्न अगदी रास्त होता. दरमहा ठरावीक रक्कम येत असेल तर ते घरभाडं असू शकतं, व्याज असू शकतं, बाहेरच्या कामाचा मोबदला असू शकतो. मी अधिकारी असतो तर मीही विचारलं असतं.

पण ते पैसे माझे नव्हतेच. माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीचे होते. पगार तिचा, पण खात्यात किती शिल्लक आहे याची घरात दर महिन्याला चौकशी व्हायची. तिला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. त्यासाठी लागणारे पैसे ती माझ्याकडे ठेवत होती. हे आम्हा दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. आता ते आयकर खात्याच्या सर्व्हरवर होतं, आणि तिथे ते मीच, तिला न विचारता, नेऊन ठेवलं होतं.

काकांनी पुढचं समजावलं. पैसे कोणाचे, त्या व्यक्तीची तेवढी ऐपत आहे का आणि व्यवहार खरा आहे का, या तिन्हींचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे तिचं सहीचं पत्र, पॅन, तिचं बँक स्टेटमेंट. पत्र दिलं नाही, तर कलम १३३(६)खाली खातं थेट तिलाच विचारू शकतं. आणि काहीच सिद्ध झालं नाही, तर रक्कम माझं अस्पष्टीकृत उत्पन्न ठरणार. त्यावर ६० टक्के कर, करावर २५ टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर. एकूण ७८ टक्के. १,८०,००० रुपयांवर १,४०,४००. दंड वेगळा.

तिच्या गुपिताची किंमत इतक्या नेमकेपणाने समोर येईल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर, ती भरून टाकावी आणि गप्प बसावं असा विचार मनात आला. उदात्त वाटणारा विचार होता, पण त्यातही खोटेपणा होता. जे माझं उत्पन्न नाही ते माझं म्हणून मान्य करायचं. शिवाय तिला विचारायचं टाळायचं ते टाळायचंच.

शेवटी तिला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला नोटीस आली तर ती त्यालाच दिसेल रे. माझं रिटर्न तोच भरतो. पोर्टलवर ईमेल त्याचा, मोबाईल त्याचा."

या एका वाक्याने मी ज्याला प्रायव्हसी समजत होतो तिची मांडणीच बदलली. आपण या विषयावर बोलतो तेव्हा समोर सरकार असतं, नाहीतर मोठी कंपनी. लपवायचं ते त्यांच्यापासून. मैत्रिणीला आयकर खात्याची भीती नव्हती. तिचा कर कापला गेलेला होता, पैसा पांढरा होता. दिल्लीतल्या कुणा अधिकाऱ्याला तिच्या संसाराशी देणंघेणं नव्हतं. धोका होता तो एका सरकारी ईमेलने, जो संपूर्ण कायदेशीरपणे चुकीच्या माणसापर्यंत पोचला असता. हेलन निसेनबॉम या अभ्यासक प्रायव्हसीची व्याख्याच अशी करतात: माहिती गुप्त असणं म्हणजे प्रायव्हसी नव्हे, तर ज्या संदर्भात ती दिली त्या संदर्भाच्या नियमांप्रमाणे तिचा प्रवास होणं. आपण डॉक्टरला सांगतो ते गुपित नसतंच, डॉक्टरला माहीत असतं. पण ते त्याने आपल्या साहेबाला सांगायचं नसतं.

म्हणून 'लपवायचंय काय?' या प्रश्नाला माझा आक्षेप आहे. तो प्रश्न असं गृहीत धरतो, की माझा डेटा माझा एकट्याचा आहे. माझ्या त्या ४१ पानांत फ्लॅटमधल्या तिघांचं भाडं होतं, एका मित्राने हॉस्पिटलच्या बिलासाठी घेतलेले उसने पैसे होते, माझ्या समुपदेशकाची फी होती. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही असं मी म्हणू शकतो. पण मी ते त्यांच्या वतीने कसं म्हणू?

याची दुसरी बाजूही मला पटते. करचोरीला सर्वांत जास्त आवडतो तो खाजगीपणाच. माझा कर पगार हातात येण्याआधीच कापला जातो. जे रोखीत कमावतात, बेनामी जमिनी घेतात, त्यांच्या गुप्ततेची किंमत माझ्यासारखे भरतात. नॉर्वेत तर प्रत्येकाचं उत्पन्न, संपत्ती आणि कर यांचे आकडे जाहीर असतात. करव्यवस्था सर्वांची, तर हिशेबही सर्वांसमोर, अशी ती भूमिका. मला तिच्यात काही अनैतिक दिसत नाही. हिशेब देणं हे नागरिकत्वाचं अंग आहे.

मात्र उत्पन्नाचा हिशेब आणि आयुष्याचा हिशेब या दोन गोष्टी आहेत. पूर्वी त्या आपोआप वेगळ्या राहत, कारण आयुष्य कागदावर येत नव्हतं. भाजीवाल्याला दिलेल्या दहाच्या नोटेची नोंद कुठे होती? यूपीआयने ती झाली. नवीन आयकर कायदा, २०२५ त्याच्याही पुढे जातो. झडतीच्या वेळी अधिकाऱ्याला ईमेल, समाजमाध्यमांवरची खाती, क्लाउडवरचा साठा उघडता येतो, पासवर्ड मिळाला नाही तर तो ओलांडूनही. हा अधिकार नेहमीच्या छाननीत नाही, फक्त झडतीसारख्या कारवाईत, असं सरकारचं म्हणणं आहे. पण झडती बेकायदा असली तरी तीत सापडलेला पुरावा चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात कधीच सांगून ठेवलंय. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर घाला घालायचा तर कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. प्रमाण हा शब्द मला कळीचा वाटतो. सात लाखांच्या स्रोतासाठी दोन नोंदी पुरल्या असत्या. ४१ पानं मी दिली, कारण पूर्ण पीडीएफ देणं सोपं होतं.

अजून एक गोष्ट खटकते. २०१९पासून टप्प्याटप्प्याने ही आकारणी 'चेहराविरहित' झाली. अधिकारी कोण, कुठला, हे मला कळत नाही. लाचखोरीवर हा चांगला उपाय आहे. समोर टेबल नाही, तर टेबलाखालूनही काही नाही. पण टेबलापलीकडच्या माणसाला हळू आवाजात सांगता आलं असतं, "साहेब, या बाईंना पत्र पाठवू नका, त्यांना त्रास होईल." पोर्टलवरच्या चौकोनात ते लिहिताना हात थांबतो, कारण लिहिलेलं सगळं फाईलमध्ये राहतं. समजून घेणारा चेहरा आणि पैसे मागणारा चेहरा, दोन्ही एकदमच गेले.

माझ्या ऑफिसात ग्राहकाची नोंद उघडायची तर कारण द्यावं लागतं आणि कोणी, कधी उघडली हे लॉगमध्ये उमटतं. त्यात विशेष काही नाही, ती साधी शिस्त आहे. नॉर्वेने २०१४पासून हेच केलं. कोणाचाही कर पाहा, पण पाहणाऱ्याचं नाव त्या माणसाला दिसेल. त्यानंतर नुसत्या कुतूहलाने पाहणारे खूप कमी झाले. मला अधिकाऱ्याचं नाव नको. माझी फाईल कधी, कोणत्या विभागाने आणि कशासाठी उघडली, एवढं मला दिसावं. मी हिशेब देतो, तर मागणाऱ्यानेही थोडा द्यावा.

आमचा प्रश्न सुटला तो मैत्रिणीमुळे. आधार तिच्या स्वतःच्या मोबाईलशी जोडलेलं होतं. त्यावर आलेल्या ओटीपीने तिने पोर्टलचा पासवर्ड बदलला, ईमेल आणि नंबर स्वतःचे केले आणि मगच मला सहीचं पत्र दिलं. मी दोनदा मुदत मागून घेतली होती. आकारणीत काही वाढ झाली नाही. पुढे चार महिन्यांनी ती घरातून बाहेर पडली. पैसे तिला परत केले, तेव्हा म्हणाली, "स्टेटमेंट टाकण्याआधी एक फोन केला असतास तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा लेख पाठवण्याआधी तिला वाचायला दिला. दोन तपशील तिने बदलायला लावले. ते कोणते, हे अर्थातच सांगणार नाही.